पुतळीच्या माळेतला राजवाडा

आजीच्या दागिन्यांच्या डब्यातली पुतळ्यांची माळ तुम्ही कधीतरी हातात घेतली असेल. तुम्ही इंदूरला राहत असाल, बडोद्याला, हैदराबादला किंवा दिल्लीला. मराठी घर कुठेही गेलं तरी ठुशी, मोहनमाळ आणि पुतळ्यांची माळ त्याच्याबरोबर जाते. नाण्यासारख्या गोल, पातळ चकत्या, एकीला लागून एक ओवलेल्या, आणि प्रत्येकीवर छोटीशी आकृती. आता सराफ त्यावर बहुतेक वेळा लक्ष्मी उठवतात. पण मुळात पुतळी हे खरोखरचं नाणं होतं आणि ते आपल्या टांकसाळीत पडलेलं नव्हतं. ते व्हेनिसहून यायचं.

इटलीतल्या व्हेनिस शहराचं डुकाट हे सोन्याचं नाणं १२८४ पासून पडायला लागलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. मिरी आणि मसाल्यांच्या मोबदल्यात ते अरब व्यापाऱ्यांच्या हाती पडायचं आणि हातोहाती प्रवास करत आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचायचं. त्याच्या एका बाजूवर दोन माणसं दिसायची, एक उभा आणि एक गुडघ्यावर बसलेला. त्या आकृत्या पाहून आपल्या लोकांनी नाव ठेवलं, पुतळी. मराठेशाहीच्या काळात होनांबरोबर पुतळ्याही चालत होत्या.

नाण्यावर उभा आहे तो संत मार्क, म्हणजे व्हेनिसचा पाठीराखा संत. आणि गुडघ्यावर आहे तो त्या शहराचा प्रमुख. त्याला दोजे म्हणत. जगभरात राजे आपल्या नाण्यांवर स्वतःचा रुबाबदार चेहरा छापतात. मग या माणसाने स्वतःच्याच नाण्यावर गुडघे का टेकले असतील?

त्याचं उत्तर त्याच्या घरात मिळतं. म्हणून या वेळी आपण जाणार आहोत व्हेनिसच्या दोजेच्या राजवाड्यात. इटालियनमध्ये त्याला पलाझ्झो दुकाले म्हणतात. गॉथिक शैलीतला हा राजवाडा १९२३ पासून संग्रहालय म्हणून खुला आहे.

उलटा बांधल्यासारखा वाटणारा वाडा

व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत. रेल्वे स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोर पाणीच लागतं. तिथून बसऐवजी बोट पकडायची, त्या बोटीला वापोरेत्तो म्हणतात. १ नंबरची बोट मोठ्या कालव्यातून रमतगमत जाते. सान झाकारिया किंवा सान मार्को या थांब्यावर उतरलात की राजवाडा चालत काही मिनिटांवर आहे.

पहिल्यांदा पाहताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. किल्ला किंवा वाडा म्हटला की खाली भक्कम दगडी तट आणि वर नाजूक सज्जे, खिडक्या, अशी आपल्या डोळ्यांना सवय असते. इथे सगळं उलटं आहे. खाली कमानींची मोकळी ओसरी, तिच्यावर लेससारख्या नक्षीचा सज्जा आणि त्या नाजूक दगडी जाळीच्या डोक्यावर गुलाबी-पांढऱ्या दगडांची भलीमोठी सपाट भिंत. पांढरा दगड इस्त्रियाचा आणि गुलाबी संगमरवर व्हेरोनाचा. एवढं वजन त्या बारीक खांबांवर कसं राहिलं असेल, हा प्रश्न मुलं हमखास विचारतील.

ही रचना शहराच्या स्वभावातून आलेली आहे. व्हेनिसला चारी बाजूंनी खाडीचं पाणी होतं आणि पदरी बलाढ्य आरमार होतं. जमिनीवरच्या राजांना लागायचे तसे जाड तट त्यांना बांधावे लागले नाहीत. उलट जहाजातून येणाऱ्या परक्या वकिलाला हे शहर कुणाला घाबरत नाही, असं लांबूनच दिसावं, अशी ही इमारत आहे.

आज दिसते तिचं बांधकाम १३४० मध्ये पाण्याकडच्या बाजूने सुरू झालं. चौकाकडची बाजू १४२४ नंतर त्याच धाटणीत वाढवली. टोकदार कमानी, त्यांच्यावर चार पाकळ्यांच्या फुलासारखे गोल झरोके, उंच निमुळते कळस, ही गॉथिक शैलीची खूण. त्यात व्हेनिसने पूर्वेकडच्या व्यापारातून पाहिलेली इस्लामी नक्षी मिसळली. छताच्या कडेचे कंगोरे आणि भिंतीवरची शंकरपाळ्यांची नक्षी पाहिली की एखाद्या जुन्या मशिदीची आठवण येते.

आणि मुंबई पाहिली असेल, तर आणखी एक आठवण येईल. इंग्रज लेखक जॉन रस्किन याने १८५१ ते १८५३ या काळात व्हेनिसच्या दगडांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. या राजवाड्यावर त्याचा फार जीव होता. त्या ग्रंथामुळे इंग्लंडमध्ये व्हेनिसच्या गॉथिक शैलीची लाट आली आणि ती लाट समुद्र ओलांडून मुंबईलाही पोचली. ओव्हल मैदानासमोरचं जुनं सचिवालय याच व्हेनेशियन गॉथिक शैलीत १८७४ मध्ये पूर्ण झालं. आज त्यात न्यायालय भरतं. तो सगळा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेव्हा व्हेनिसचं तिकीट काढणं जमलं नाही, तरी या राजवाड्याची एक दूरची नातेवाईक मुंबईत उभी आहे, हे ध्यानात ठेवा.

आत शिरण्याआधी खालच्या ओसरीत थोडं रेंगाळा. तळमजल्यावर ३६ खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यांवर कोरीवकाम आहे. व्यवसाय, ऋतू, पक्षी, फळं, सद्गुण, दुर्गुण असं काय काय तिथे आहे. चौकाकडच्या बाजूला एका खांबावर एका संसाराची गोष्ट कोरली आहे. तरुण-तरुणीची पहिली भेट, लग्न, बाळाचा जन्म आणि शेवटी त्या मुलाचा मृत्यू. गोल फिरत पाहावी लागते. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या एका पाथरवटाने राज्यकर्त्यांच्या दारात एका साध्या घरातलं सुखदुःख कोरून ठेवलं आहे, आणि बाहेरून पाहताना त्याला तिकीट लागत नाही. बऱ्याच जुन्या स्तंभशीर्षांची झीज झाल्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत त्यांच्या जागी नवीन घडवून बसवली. मूळची आत तळमजल्यावरच्या दालनांत ठेवली आहेत. ती अगदी हाताच्या अंतरावरून पाहता येतात, म्हणून घाई करून ती दालनं टाळू नका.

सोन्याचा जिना आणि दोजेचं बिऱ्हाड

अंगणात आलात की संगमरवरी जिना दिसतो. त्याच्या माथ्यावर दोन अवाढव्य पुतळे आहेत, युद्धदेव मार्स आणि समुद्रदेव नेपच्यून. शिल्पकार सान्सोविनो. नव्या दोजेच्या डोक्यावर टोपी चढवण्याचा सोहळा याच जिन्याच्या माथ्यावर व्हायचा. त्या दोघांच्या मधोमध उभा राहिलेला माणूस केवढासा दिसत असेल, याची कल्पना करा.

पुढे लागतो सोन्याचा जिना, स्काला दोरो. वरच्या कमानदार छतावर गिलाव्याची नक्षी आणि सोन्याचा मुलामा. १५५९ मध्ये तो पूर्ण झाला. परक्या देशांचे वकील इथून वर जायचे.

एवढा थाट पाहून वाटतं, आता दोजेची दालनं म्हणजे डोळे दिपवणारी असणार. प्रत्यक्षात या प्रचंड इमारतीत त्याच्या राहण्याच्या खोल्या मोजक्याच. त्यातही घरचं सामान त्याने स्वतःचं आणायचं आणि तो वारला की वारसांनी ते उचलून न्यायचं. एका दालनात पदावर असलेल्या दोजेच्या घराण्याची ढाल लावलेली असायची. दोजे बदलला की ढालही बदलायची. थोडक्यात, सरकारी क्वार्टर. बदलीच्या नोकरीत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हे चटकन समजेल.

नियम इथे संपत नाहीत. परदेशातून आलेलं पत्र दोजेने एकट्याने उघडायचं नाही, सल्लागार हजर हवेत. भेटवस्तू घ्यायच्या नाहीत. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. आणि मेल्यावरही सुटका नाही. त्याच्या कारभाराची चौकशी करायला खास अधिकारी नेमले जायचे आणि काही गैर आढळलं तर दंड वारसांकडून वसूल व्हायचा.

त्याची निवड कशी व्हायची, हे तर मुलांना गोष्टीसारखं सांगण्यासारखं आहे. १२६८ पासून चाललेली ही पद्धत अशी. आधी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा गोळ्या काढून ३० जण निवडायचे. त्यातून पुन्हा गोळ्या काढून ९ ठेवायचे. ते ९ जण ४० नावं ठरवणार. त्या ४० मधून गोळ्यांनी १२ उरणार. ते १२ जण २५ निवडणार, त्या २५ चे ९ होणार. ते ९ जण ४५ निवडणार, त्यांचे ११ होणार. आणि ते ११ जण जे ४१ लोक निवडतील, ते शेवटी दोजे ठरवणार. त्यालाही किमान २५ मतं हवीत.

डोकं गरगरलं ना? तोच तर हेतू होता. कुणाला वशिला लावायचा, कुणाला पैसे चारायचे, हे आधी कळूच नये. गोळ्या काढायला लहान मुलगा लागायचा, आणि तो रस्त्यावर जो पहिला भेटेल तो आणायचा. गोळीला व्हेनिसमध्ये बल्लोत्ता म्हणत. आपण आज मतपत्रिकेला बॅलट म्हणतो, तो शब्द तिथून आला आहे.

सिंहाचं तोंड

वरच्या मजल्यावर राज्यकारभाराची दालनं एकामागून एक लागतात. वकिलांनी थांबायची जागा, मंत्र्यांची बैठक, सिनेट. भिंती आणि छतं तिंतोरेत्तो आणि व्हेरोनेझे या चित्रकारांनी भरून टाकली आहेत. सगळी चित्रं लक्षपूर्वक पाहायची ठरवलीत तर मान आखडेल आणि घरच्यांचा संयम संपेल. प्रत्येक दालनात एकच चित्र निवडा आणि त्याच्यापुढे दोन मिनिटं थांबा.

मग येतं दहा जणांच्या मंडळाचं दालन. १३१० मध्ये सरकार उलथवण्याचा एक कट उघडकीला आला आणि त्याचा तपास करायला हे मंडळ नेमलं गेलं. तात्पुरतं म्हणून आलेलं मंडळ कायमचं राहिलं. राज्याविरुद्धचे गुन्हे, कट, हेरगिरी, सगळं त्याच्या हाती. कामकाज बंद दाराआड.

त्याच्या शेजारच्या खोलीत भिंतीला एक फट आहे. तिला म्हणायचे सिंहाचं तोंड, बोक्का दि लेओने. बाहेरून माणूस तक्रारीचा कागद टाकणार, आतल्या बाजूने कुलूपबंद कप्प्यात तो पडणार. अशा फटी शहरात इतरत्रही होत्या. करचुकवेगिरी, लाचखोरी, राजद्रोह, ज्याची जी तक्रार. निनावी कागदावर कारवाई करायला नियम कडक होते हे खरं, पण शेजाऱ्याच्या हातात असा कागद आहे, एवढी कल्पनासुद्धा माणसाला रात्री जागं ठेवायला पुरेशी आहे.

इथे थोडं थांबून विचार करावा असं मला वाटतं. खालच्या मजल्यावर आपण ज्या गोष्टीचं कौतुक केलं, तीच गोष्ट इथे भेटते. एका माणसाच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये म्हणून सगळ्यांनी सगळ्यांवर नजर ठेवायची. दोजेवर ठेवलेली नजर आपल्याला शहाणपणाची वाटते. तीच नजर गल्लीबोळातल्या माणसावर पडली की अंगावर काटा येतो.

काळा पडदा

यानंतर एक दार ओलांडलं की तुम्ही महासभेच्या दालनात येता आणि बोलणं आपोआप थांबतं. लांबी ५३ मीटर, रुंदी २५ मीटर आणि मध्ये एकही खांब नाही. वर छताला टांगून ठेवणाऱ्या लाकडी कैच्या आहेत, त्या सोनेरी चौकटींच्या आड लपल्या आहेत. समोरची पूर्ण भिंत व्यापणारं स्वर्गाचं चित्र तिंतोरेत्तो आणि त्याच्या मुलाने केलं. ते सुमारे २२ मीटर रुंद आहे आणि जगातल्या सर्वांत मोठ्या तैलचित्रांत गणलं जातं.

१५७७ मध्ये हे दालन आगीत जळालं. तिशियान आणि बेल्लीनी यांची चित्रं त्यात राख झाली. पल्लादियो हा त्या काळचा नामांकित वास्तुकार म्हणाला, जुनं पाडा आणि नव्या पद्धतीचं बांधा. शहराने ऐकलं नाही. जसं होतं तसंच पुन्हा उभं करायचं ठरलं. म्हणून आज आपल्याला गॉथिक राजवाडा पाहायला मिळतो.

या दालनात दीड-दोन हजार सदस्य बसायचे. लोकशाही म्हणावी का तिला? आजच्या अर्थाने नाही. १२९७ नंतर सभेची दारं मोजक्या घराण्यांपुरती बंद झाली. त्या घराण्यांतले प्रौढ पुरुष आत, कोळी, विणकर, हमाल आणि सगळ्या बायका बाहेर.

आता नजर वर न्या. छताच्या खाली चारी भिंतींवर पहिल्या ७६ दोजेंची चित्रं ओळीने लावली आहेत. एका जागी मात्र चेहरा नाही. तिथे काळा पडदा रंगवला आहे आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे की ही जागा मारीनो फालिएरोची, ज्याचा गुन्ह्यांसाठी शिरच्छेद झाला.

फालिएरो १३५४ मध्ये दोजे झाला. सत्तरी ओलांडलेला, अनुभवी माणूस. काही महिन्यांतच त्याने सरदार घराण्यांना बाजूला सारून स्वतः खरा राजा व्हायचा कट केला. कट फुटला. दहा जणांच्या मंडळाने चौकशी केली आणि एप्रिल १३५५ मध्ये या राजवाड्यातच त्याचं मस्तक उडवलं. त्याचं नाव पुसून टाकणं सोपं होतं. त्यांनी जागा राखून ठेवली आणि त्यावर पडदा रंगवला. पुढच्या प्रत्येक दोजेला याच दालनात, त्या पडद्याखाली बसून कामकाज पाहावं लागायचं.

इथेच या सगळ्या गोष्टीचा शेवटही झाला. नेपोलियनचं सैन्य दारात आलं तेव्हा १२ मे १७९७ रोजी महासभेची अखेरची बैठक भरली. गणपूर्तीला ६०० सदस्य हवे होते, आले ५३७. तरीही मतदान झालं आणि सुमारे अकराशे वर्षांचं प्रजासत्ताक सभेने स्वतःच बरखास्त केलं. शेवटचा दोजे होता लुदोविको मानीन. एकाला डोईजड होऊ द्यायचं नाही, यासाठी घडवलेली ही यंत्रणा बाहेरच्या तोफांपुढे टिकली नाही.

उसासे

महासभेतून पुढे गेलं की वाट अरुंद होते आणि छत खाली येतं. हा उसाशांचा पूल. १६०० च्या सुमारास राजवाडा आणि कालव्यापलीकडचा नवा तुरुंग जोडण्यासाठी तो बांधला. बाहेरून पाहिलात तर पांढऱ्या दगडाचा, नक्षीदार, फोटोसाठी गर्दी खेचणारा पूल. आतून मात्र दगडी बोळ आहे. दगडी जाळीच्या खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसतो. शिक्षा झालेला माणूस तेवढा तुकडा पाहून उसासा टाकायचा, अशी कल्पना इंग्रज कवी बायरनमुळे जगभर पसरली.

पलीकडे कोठड्या आहेत. जाड भिंती, वाकून जावं लागेल अशी दारं. कैद्यांनी भिंतींवर कोरलेल्या खुणा आणि चित्रं अजून आहेत. मूळ राजवाड्याच्या तळाशी तर आणखी ओलसर कोठड्या होत्या, त्यांना विहिरी म्हणत. आणि छताखाली, शिशाच्या पत्र्यांच्या खाली होत्या त्या उन्हाळ्यात भाजणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठवणाऱ्या.

त्या छताखालच्या कोठडीतून कासानोव्हा पळाला. १७५५ मध्ये त्याला पकडलं, पण शिक्षा किती वर्षांची ते सांगितलंच नाही. त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींनुसार, लोखंडाच्या टोकदार सळईने त्याने आधी जमिनीला भोक पाडलं. काम संपत आलं आणि अधिकाऱ्यांनी मेहरबानी म्हणून त्याला चांगल्या कोठडीत हलवलं! मग शेजारच्या कोठडीतल्या एका पाद्र्याच्या मदतीने त्याने छत फोडलं. १७५६ च्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री दोघं शिशाच्या छतावर चढले, पुन्हा राजवाड्यात उतरले आणि पहाटे सोन्याच्या जिन्यावरून खाली आले. पहारेकऱ्याला वाटलं कुणी पाहुणे रात्री आत अडकले असावेत. त्याने दार उघडून दिलं. या कोठड्या पाहायच्या असतील तर गुप्त वाटांची वेगळी मार्गदर्शित फेरी घ्यावी लागते. तिचं तिकीट निराळं आणि जागा मोजक्या असतात.

जाण्याआधी

भारतीय पासपोर्टवर इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. उन्हाळी सुट्टीत अर्जांची गर्दी असते, म्हणून तारखा ठरल्या की लगेच अर्ज करा.

राजवाड्याचं तिकीट ऑनलाइन आधी काढा. त्याच तिकिटावर चौकातलं कोरेर संग्रहालय, पुरातत्त्व संग्रहालय आणि जुन्या ग्रंथालयाची दालनं पाहता येतात. आत किमान अडीच-तीन तास लागतात. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत.

एका दिवसापुरतं व्हेनिसला जाणाऱ्यांना २०२४ पासून काही ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क भरावं लागतं. तुमची तारीख त्यात आहे का, ते आधी पाहून ठेवा. मुक्काम करणाऱ्यांना ते शुल्क नाही, पण नोंदणीचे नियम वाचा.

आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर दोन गोष्टी. शहरातल्या पुलांना पायऱ्या आहेत, तेव्हा चाकांची मोठी सूटकेस नकोच, आणि हॉटेल बोटीच्या थांब्याजवळ घ्या. तुरुंगातले जिने आणि बोळ अरुंद आहेत. गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर तो भाग सोडायला हरकत नाही. लिफ्टची सोय हवी असेल तर आत शिरतानाच विचारा.

मुलांना नुसतं "बघ, किती सुंदर" म्हणून चालत नाही, त्यांना काम द्यावं लागतं. सिंह मोजायला सांगा. पंख असलेला सिंह ही संत मार्कची आणि व्हेनिसची खूण. काही सिंह नेपोलियनच्या काळात छिन्नीने उडवले गेले, काही नंतर नव्याने बसवले, पण तरीही मोजता मोजता मुलं दमतील. काळा पडदा मात्र त्यांनाच शोधू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

गुडघे का टेकले

बाहेर पडायचं दार कागदाचं दार म्हणून ओळखलं जातं, पोर्ता देल्ला कार्ता. १४४० च्या सुमाराचं हे गॉथिक दार म्हणजे दगडात केलेली जरतारीच. पण दाराखालून निघून जाऊ नका. वळा आणि वर पाहा. पंख असलेल्या सिंहासमोर एक माणूस गुडघ्यावर बसला आहे. हा दोजे फ्रान्चेस्को फोस्कारी. मूळ शिल्प १७९७ मध्ये फोडलं गेलं, आताचं एकोणिसाव्या शतकात पुन्हा घडवलेलं.

सुरुवातीचा प्रश्न आठवतो? निकोलो त्रोन नावाच्या दोजेने १४७२ मध्ये स्वतःचा चेहरा असलेलं नाणं पाडलं होतं. तो गेल्यावर सभेने कायदा केला की यापुढे कुठल्याही दोजेने असं करायचं नाही. चेहरा राजे छापतात, आणि आम्हाला राजा नको. दोजे नाण्यावर दिसेल तो संतापुढे गुडघे टेकलेलाच दिसेल.

या दारातून समोरच्या चौकात उतरून पाण्याकडे चाललात की उजव्या हाताला जुन्या ग्रंथालयाला लागून टांकसाळीची दगडी इमारत येते. तिचं नाव झेक्का. मूळ शब्द अरबी, सिक्का. आपल्या सिक्क्याचाच सख्खा भाऊ. व्हेनिसचं राज्य बुडालं आणि डुकाटही बंद पडलं. पण तोवर त्याची पुतळी होऊन ती आपल्या घरात शिरली होती, आणि आपले सोनार ती घडवतच राहिले. आकृती बदलत गेली, संत गेला, दोजे गेला, लक्ष्मी आली. नाव मात्र राहिलं.

पुढच्या सणाला कपाटातून माळ काढाल तेव्हा ती घालण्याआधी मुलांना एक पुतळी जवळून दाखवा आणि ही गोष्ट सांगा. एका शहरात एक मोठा वाडा होता, त्यात एक दोजे राहायचा, आणि त्याला स्वतःची पत्रंसुद्धा एकट्याने उघडता येत नव्हती. का नव्हती, हे ती विचारतीलच. आणि मग सिंहाच्या तोंडाचीही गोष्ट सांगा.